सोलापूर-मुंबई हवाई अंतर ३६२ किलोमीटर, मग विमानाला तासभर का लागतो?

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. सोलापूर ते मुंबई हे हवाई अंतर संगणकावर ३५४ ते ३६२ किलोमीटर असे वेगवेगळे दिसते. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते, असे सगळीकडे लिहिलेले असते. म्हणजे साध्या भागाकाराने सव्वीस-सत्तावीस मिनिटांत मुंबई यायला हवी, पण तिकिटावर तासाहून अधिक वेळ छापलेली आहे. हा फरक कशामुळे पडतो, अंतराचे खरे आकडे कोणते मानायचे, आणि मुलाला मुंबईत उतरून पुढचे विमान धरायचे असेल तर मध्ये किती वेळ राखून ठेवावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी एकतीस वर्षे फ्लाइट डिस्पॅचर म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर सोलापुरात परतलो. विमान निघण्यापूर्वी त्याचा मार्ग, उंची, वाटेतले वारे, वजन आणि इंधन यांचा हिशेब मांडायचा आणि तो कागद वैमानिकाच्या हाती द्यायचा, हे आमचे काम. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देताना मला मनापासून आनंद होतो आहे. प्रश्नकर्त्यांचा भागाकार बिनचूक आहे आणि भाज्यही बरोबर आहे. चुकला आहे तो भाजक, कारण ताशी ८०० किलोमीटर हा वेग या विमानाला संपूर्ण प्रवासात जेमतेम पाच-सहा मिनिटे लाभतो.

आधी अंतराचे पाहू. दोन शहरांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्या दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत लहान रेषा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ती मिळत नाही. शाळेतल्या पृथ्वीगोलावर कांडीचा सुती धागा दोन गावांमध्ये ताणून धरला की तो आपोआप जिथे बसतो, तीच ही रेषा. जवळच्या गावांसाठी मात्र गोलाईचा त्रास फारसा नसतो आणि अंतर घरी कागदावर काढता येते. सोलापूरचा होटगी रस्त्यावरील विमानतळ साधारण १७.६३ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७५.९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्वेला आहे. अक्षांशांतला फरक १.४६ अंश. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर १६२ किलोमीटर भरते. रेखांशांतला फरक ३.०६ अंश, पण विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येतात, म्हणून त्याला दोन्ही अक्षांशांच्या मध्यावरील कोसाइनने, म्हणजे इथे ०.९४९ ने, गुणावे लागते. ते केले की पूर्व-पश्चिम अंतर ३२२ किलोमीटर येते. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवावा. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर ३६१ किलोमीटर येते. संगणकावर दशांश चिन्हापुढचे अधिक अंक घेऊन आणि पृथ्वीचा नेमका आकार धरून हिशेब केला तर ते ३६२ वर स्थिरावते.

मग काही ठिकाणी ३५४ का दिसते? तिथे विमानतळाऐवजी शहराचा मध्य धरलेला असतो. मुंबईचा मध्य म्हणून कुणी फोर्ट घेतले की बिंदू सहारच्या विमानतळापासून कितीतरी दक्षिणेला सरकतो आणि आठ किलोमीटर कमी होतात. विमान शहराच्या मध्यावर उतरत नाही, तेव्हा विमानतळ ते विमानतळ हेच अंतर धरावे. गोव्याच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक आहे. सोलापूरहून मोपा विमानतळ सुमारे ३०४ किलोमीटरवर आहे आणि दाबोळी सुमारे ३३६ किलोमीटरवर, त्यामुळे नुसते 'सोलापूर-गोवा अंतर' म्हणण्याला अर्थ उरत नाही. मुंबईलाही आता नवी मुंबईचा विमानतळ जोडीला आला आहे आणि त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, म्हणून तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे हे आधी वाचावे.

एककांचाही गोंधळ होतो. वैमानिक आणि एटीसी, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रक, किलोमीटरमध्ये बोलत नाहीत, तर नॉटिकल मैलांत बोलतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. रस्त्यावरचा मैल १,६०९ मीटरचा असतो. म्हणून तेच सोलापूर-मुंबई अंतर किलोमीटरमध्ये ३६२, साध्या मैलांत २२५ आणि नॉटिकल मैलांत १९५ असते. तीन आकडे दिसले म्हणून तीन अंतरे आहेत असे समजू नये.

रेल्वेने हेच अंतर ४५५ किलोमीटर आहे, कारण लोहमार्गाला कुर्डुवाडी, दौंड, पुणे, लोणावळा, कर्जत, कल्याण असे वळत जावे लागते आणि घाटही उतरावा लागतो. विमानाच्या वाटेत घाट नाही, पण विमानही अगदी सरळ रेषेत जात नाही. आकाशात ठरलेले मार्ग असतात, त्या मार्गांवर पाच अक्षरी नावांचे बिंदू असतात आणि आमच्या कागदावर विमानाची वाट त्या बिंदूंच्या माळेने लिहिलेली असते. सोलापूर-मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. या दोन विमानतळांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली तर ती जवळजवळ बरोबर पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या माथ्यावरून जाते, आणि लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे. जिथे लढाऊ विमानांचा सराव चालतो तिथून नागरी विमान न्यायचे तर उंची आणि वेळ यांचा मेळ दोन्ही बाजूंच्या नियंत्रकांना घालावा लागतो. कधी सरळ वाट मिळते, कधी वळसा पडतो. त्याशिवाय निघताना आणि उतरताना ठरलेल्या पद्धतीने वळणे घ्यावी लागतात. म्हणून ३६२ किलोमीटरच्या प्रवासात विमान प्रत्यक्षात ३९० ते ४०० किलोमीटर उडाले तर डिस्पॅचरला आश्चर्य वाटत नाही.

आता वेळेकडे येतो, आणि इथे थोडे थांबून बोलणार आहे, कारण प्रश्नाची खरी गाठ इथेच आहे.

तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसते. विमान जागेवर उभे असताना त्याच्या चाकांपुढे आणि मागे ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. चॉक काढून विमान हलले तो क्षण सुटण्याचा, आणि दुसऱ्या विमानतळावर विमान जागेवर उभे राहून चॉक लागले तो क्षण पोचण्याचा. या दोन क्षणांमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात आणि वेळापत्रक त्यावरच छापले जाते. चाके जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचा काळ हा त्याचा केवळ एक भाग असतो. फ्लाइट प्लॅनमध्येही अपेक्षित काळ म्हणून आम्ही जो आकडा भरतो तो हवेतला असतो, तिकिटावरचा नव्हे. प्रवासी मंडळी या दोहोंची सरमिसळ करतात आणि मग हिशेब जुळत नाही.

सोलापूरहून निघालेले ७६ आसनांचे एम्ब्रेअर जेट डोळ्यांसमोर आणू. चॉक निघाले, इंजिने सुरू झाली, विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले, तिथे वळून उभे राहिले. लहान विमानतळांवर बहुधा धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाने जमिनीवरून चालत जाण्याचा वेगळा रस्ता, नसतो, त्यामुळे विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत चालत जाऊन मागे वळावे लागते. यात सहा-सात मिनिटे सहज जातात. सोलापूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे आणि मुंबईची दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे ६३ अंशांवर, म्हणजे पश्चिम-वायव्येला आहे. वाऱ्यामुळे वायव्येकडे तोंड करून उड्डाण करता आले तर डावीकडे थोडे वळले की विमान वाटेला लागते. उलट बाजूने उड्डाण करावे लागले तर आधी आग्नेयेकडे जाऊन जवळजवळ मागे वळावे लागते आणि तिथेच तीनेक मिनिटे खर्ची पडतात.

चाके उचलली म्हणून वेग लगेच ८०० होत नाही. दहा हजार फुटांच्या खाली वेगमापकावर २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची मर्यादा पाळतात. त्यानंतर वेग वाढतो, पण विमान चढत असते आणि चढणीवर जोर उंची मिळवण्यात जातो. समजा विमानाला २६,००० फूट उंची दिली आहे. तिथे पोचायला साधारण तेरा मिनिटे लागतील आणि तेवढ्यात सव्वाशे किलोमीटर अंतर कापले जाईल. खिडकीतून पाहणाऱ्याने ओळखावे: मोहोळ मागे पडते, डाव्या हाताला लांबवर पंढरपूरकडे वळणारी भीमा दिसते, मग उजव्या खिडकीत उजनीचे पाणी येते, आणि भिगवणचा फुगवटा उजवीकडे दिसू लागतो तेव्हा कुठे विमान आडवे होते. इथपर्यंतचा सरासरी वेग ताशी ५७५ किलोमीटरच्या आसपास भरतो.

आणि आता उतरण्याचा हिशेब. तो आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो: दर हजार फूट उतरायला तीन नॉटिकल मैल. मुंबईचा विमानतळ जवळजवळ समुद्रसपाटीला आहे. तेव्हा २६,००० फुटांवरून उतरायला ७८ नॉटिकल मैल लागतात आणि वेग कमी करण्यासाठी आणखी दहा धरावे लागतात, म्हणजे एकूण ८८ नॉटिकल मैल, सुमारे १६३ किलोमीटर. मुंबईपासून १६३ किलोमीटर मागे मोजत आलो तर आपण पुण्याच्याही अलीकडे, यवतच्या आसपास असतो. म्हणजे पुणे येण्यापूर्वीच वैमानिकाने मुंबईसाठी उतरायला सुरुवात केलेली असते. भिगवणच्या परिसरात चढण संपते आणि यवतच्या आसपास उतरण लागते. मधले सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, एवढाच तो ताशी ८०० किलोमीटरचा प्रसिद्ध वेग. बाकी सारा प्रवास एक तर चढण आहे किंवा उतरण.

उतरणीचा वेग कमी कमी होत जातो. दहा हजार फुटांखाली पुन्हा २५० नॉट, मग २१०, मग १८०, आणि शेवटच्या टप्प्यात चाके आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या पट्ट्या, बाहेर काढल्यावर १३० नॉटच्या आगेमागे. त्यात मुंबईची स्वतःची अडचण आहे. तिथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि त्या विमानतळाची सगळी वाहतूक प्रत्यक्षात एका धावपट्टीवर चालते. पुढच्या विमानापासून ठरलेले अंतर राखण्यासाठी नियंत्रक आपल्या विमानाला डावी-उजवीकडे वळवतात किंवा वेग आणखी कमी करायला सांगतात. समुद्रावरून वारा येत असेल तर विमाने पूर्वेकडून, ठाणे-नवी मुंबईच्या अंगाने उतरतात आणि सोलापूरकडून येणाऱ्याला ते सोयीचे पडते. वारा फिरला आणि समुद्राच्या बाजूने उतरायचे ठरले, तर शहर ओलांडून पलीकडे जाऊन परत यावे लागते. गर्दी फार झाली तर होल्डिंग मिळते, म्हणजे आकाशातच ठरलेल्या जागी लांबट गोल फेऱ्या मारायच्या. अशी एक फेरी चार मिनिटांची असते: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ आणि एक मिनिट वळण. चौदा हजार फुटांच्या वर ती पाच मिनिटांची होते. म्हणून 'दोन फेऱ्या झाल्या' असे वैमानिकाने सांगितले की डिस्पॅचर घड्याळ न पाहता आठ-दहा मिनिटे पुढे धरतो.

आता बेरीज करू. चढण तेरा मिनिटे, आडवे उड्डाण सहा मिनिटे, उतरण वळणांसह तेवीस मिनिटे, म्हणजे हवेत बेचाळीस मिनिटे. सोलापुरात जमिनीवर सात आणि मुंबईत धावपट्टीवरून जागेवर पोचायला दहा. एकूण एकोणसाठ. त्यावर विमान कंपनी गर्दीचा अनुभव पाहून पाच-दहा मिनिटे राखून ठेवते. प्रश्नकर्त्यांच्या तिकिटावरची वेळ इथून आली. ३६२ किलोमीटरला पासष्ट मिनिटे धरली तर सरासरी वेग ताशी ३३४ किलोमीटर पडतो.

हा वेग कमी वाटेल, पण अंतर वाढले की तोच सुधारतो, कारण चढण, उतरण आणि जमिनीवरचा काळ साधारण तेवढाच राहतो आणि वाढलेले सगळे किलोमीटर पूर्ण वेगाने कापले जातात. मुंबई-दिल्ली हे अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. त्याला दोन तास दहा मिनिटे लागली तर सरासरी ५२५ च्या पुढे जाते. मुंबई-लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, तिथे ती सातशेच्या वर असते. म्हणून घरगुती अंदाजासाठी मी लोकांना एक सोपा नियम सांगत आलो आहे: जेट विमान असेल तर किलोमीटरला ८०० ने भागावे आणि येणाऱ्या वेळेत चाळीस मिनिटे मिळवावीत. सोलापूर-मुंबईला सत्तावीस अधिक चाळीस, म्हणजे सदुसष्ट मिनिटे. सोलापूर-बेंगळुरू हे अंतर सुमारे ५२८ किलोमीटर आहे, तिथे चाळीस अधिक चाळीस, म्हणजे एक तास वीस मिनिटे. मुंबई-दिल्लीला दोन तास पाच मिनिटे. हा अंदाज आहे, वेळापत्रक नव्हे, पण दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक चुकलेला मी क्वचितच पाहिला.

पंख्याच्या विमानाला हा नियम थोडा बदलावा लागतो. सोलापूरची गोवा सेवा ९ जून २०२५ रोजी एटीआर विमानाने सुरू झाली आणि मुंबई व बेंगळुरूच्या जेट सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी. एटीआरचा पूर्ण वेग ताशी ५०० किलोमीटरच्या थोडा वर असतो. त्यासाठी ४८० ने भागून तीस मिनिटे मिळवावीत. मोपासाठी अडतीस अधिक तीस, म्हणजे एक तास आठ मिनिटे. पंखा दिसला की विमान जुनाट किंवा मंद आहे अशी अनेकांची समजूत होते, ती मात्र काढून टाकावी असे मला कळकळीने वाटते. तीनशे किलोमीटरच्या अंतरावर जेट आणि एटीआर यांच्यात दहा मिनिटांचाही फरक मुश्किलीने पडतो, कारण जेटला आपला वेग दाखवायला वाटच उरत नाही. इंधन मात्र एटीआरला बरेच कमी लागते. छोट्या शहरांची विमानसेवा जगवण्यात या विमानाचा वाटा फार मोठा आहे.

सोलापूरचा उन्हाळा हाही हिशेबातला एक घटक आहे. वैशाखात दुपारी पारा ४२-४३ अंशांवर गेला की हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. विमानाला धावायला लांब अंतर लागते आणि चढणही हळू होते. वेळेत यामुळे दोन-तीन मिनिटांचाच फरक पडतो, पण वजनात पडणारा फरक मोठा असतो. कधी काही सामान मागे ठेवावे लागते, कधी काही आसने रिकामी ठेवावी लागतात. उन्हाळी उड्डाणे सकाळी असावीत असे आम्ही म्हणतो ते याच कारणाने.

वाऱ्याचा परिणाम सोलापूर-मुंबईवर फारसा होत नाही. हवेतला काळच बेचाळीस मिनिटांचा, त्यात ताशी पन्नास किलोमीटरचा वारा समोरून आला तरी तीन-चार मिनिटे वाढतील. लांबच्या प्रवासात मात्र वारा हाच खरा मालक असतो. हिवाळ्यात उत्तर भारताच्या आणि अरबस्तानच्या आकाशात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो आणि त्याचा वेग अनेकदा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो. पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला तो अडवतो आणि पूर्वेला येणाऱ्याला ढकलतो. जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो असे लोक समजतात, पण तसे होत नाही. अंतर ४,५०० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा शंभरचा धरा. जाताना वेग ८०० राहील आणि पाच तास साडेसदतीस मिनिटे लागतील; येताना १,००० होईल आणि साडेचार तास लागतील. बेरीज दहा तास साडेसात मिनिटे. वारा मुळीच नसता तर बरोबर दहा तास लागले असते. कारण साधे आहे: विमान अडवणाऱ्या वाऱ्यात अधिक काळ राहते आणि मदत करणाऱ्या वाऱ्यात कमी काळ.

अंतर आणि वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचे माझ्या आठवणीतले सर्वांत सुंदर उदाहरण ऑक्टोबर २०१६ मधले आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर अटलांटिक महासागरावरून, सुमारे १३,९०० किलोमीटरच्या वाटेने जात असे. ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून पाठवण्यात आले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरची होती, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरीही विमान साडेचौदा तासांत पोचले, पूर्वीपेक्षा लवकर. वारा पाठीशी होता म्हणून हे झाले. पृथ्वीगोलावर धागा ताणून मोजले तर या दोन शहरांमधले अंतर सुमारे १२,४०० किलोमीटरच आहे आणि धागा पार उत्तरेकडे, आर्क्टिक प्रदेशावरून जातो. त्या काळात आमच्या खोलीत वाऱ्याचा नकाशा टेबलावर पसरून चार-चार जण त्यावर वाकलेले असत, ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. लांबची वाट जवळची ठरते हे कागदावर सिद्ध होताना पाहणे, हा या नोकरीतला फार मोठा आनंद होता.

उलटही घडते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत पूर्ण खुले झाले नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झाले. दिल्ली आणि लंडन जागेवरच होती, त्यांच्यातले हवाई अंतर एका मीटरनेही वाढले नव्हते, तरी वेळ वाढली.

शाळेतली मुले एक प्रश्न हमखास विचारतात: पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोचायला नको का, मुंबईच आपल्याकडे येत नाही का? नाही, कारण हवासुद्धा पृथ्वीबरोबर फिरते आणि विमान त्या हवेत उडते. धावत्या रेल्वेच्या डब्यात आपण पुढे चाललो काय किंवा मागे चाललो काय, चालायला सारखेच श्रम पडतात, तसेच हे आहे.

घड्याळाचा एक घोळ राहिला. आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा दुबईला नोकरीला आहे. त्याचे मुंबई-दुबई तिकीट घेऊन त्या एकदा माझ्याकडे आल्या. तिकिटावर सुटण्याची वेळ संध्याकाळी साडेचार आणि पोचण्याची सव्वासहा होती, तर परतीच्या तिकिटावर रात्री आठ आणि बारा वीस. जायला पावणेदोन तास आणि यायला चार तास वीस मिनिटे, म्हणजे येताना विमान कुठे थांबणार का, अशी त्यांना काळजी लागली होती. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून जाताना पावणेदोन तासांत दीड मिळवायचा, म्हणजे सव्वातीन तास. येताना चार तास वीस मिनिटांतून दीड वजा करायचा, म्हणजे दोन तास पन्नास मिनिटे. उरलेला पंचवीस मिनिटांचा फरक वर सांगितलेल्या वाऱ्याचा. दोन्ही कागद शेजारी ठेवून मावशींनी ही बेरीज-वजाबाकी स्वतः केली आणि मग त्यांचे समाधान झाले.

वेळापत्रकात राखून ठेवलेल्या मिनिटांबद्दलही सांगितले पाहिजे, कारण पुढचे विमान धरण्याचा हिशेब त्यावर बसतो. कंपन्या वर्षातून दोनदा, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, नवे वेळापत्रक लावतात आणि मागच्या हंगामातला अनुभव पाहून प्रत्येक मार्गाचा ब्लॉक टाइम ठरवतात. गर्दी नसली की ती राखीव मिनिटे उरतात आणि विमान 'वेळेआधी' पोचते. वैमानिकाने वेग वाढवलेला नसतो. उलट सकाळी उशीर झालेले विमान दिवसभर उशिराच चालते, कारण तेच विमान एका गावाहून दुसऱ्या गावी फेऱ्या करत असते. म्हणून सोलापुरात आकाश निरभ्र असले तरी आपले विमान उशिरा येऊ शकते. पाऊस मुंबईत किंवा धुके बेंगळुरूत असते.

आता मुलाच्या प्रवासाचे. पुढचे विमान देशांतर्गत असेल आणि दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर असतील, तर मुंबईत दोन तास ठेवावेत. तिकिटे वेगवेगळी असतील तर तीनपेक्षा कमी ठेवू नयेत, कारण सामान उतरवून घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि देशांतर्गत प्रवासाचा काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो. परदेशचे विमान असेल तर पाच तास ठेवावेत. जून ते सप्टेंबर या काळात मी माझ्या घरच्या माणसांना सहा सांगतो, किंवा वंदे भारतने आदल्या दिवशी जायला सांगतो. ती गाडी सुमारे साडेसहा तास घेते, पण घाटातल्या पावसाचा अपवाद सोडला तर तिच्या वेळेचा अंदाज नीट बांधता येतो. तिकीट काढताना दोन्ही विमाने एकाच विमानतळाची आहेत ना हे पाहावे. सांताक्रूझचे पहिले टर्मिनल आणि सहारचे दुसरे यांच्या धावपट्ट्या एकच असल्या तरी एका इमारतीतून दुसरीत रस्त्याने जावे लागते, आणि नवी मुंबई हे तर पूर्ण वेगळे ठिकाण आहे. सोलापूरचे विमान एकीकडे उतरणार आणि पुढचे दुसरीकडून सुटणार असेल, तर वर दिलेल्या वेळेत आणखी तीन तास मिळवावेत.